बारा नंबरचे दोन तुकडे

शनिवारी संध्याकाळी बारा नंबरची सलग बस शेवटची धावली आणि रविवारी सकाळी थोरल्याच्या घरात कुणी कुणाशी धड बोलेना.

तसं पाहिलं तर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. टाकीपासून पुलापर्यंत एका दमात जाणाऱ्या बसचे दोन तुकडे झाले होते, एवढंच. टाकी ते मधला चौक ही बारा अ, चौक ते पूल ही बारा ब. गावातल्या बाकीच्यांनी दोन-चार शिव्या हासडल्या असतील आणि विषय सोडून दिला असेल. पण या घरात बाबांनी ती बस आयुष्यभर चालवली होती, थोरल्यानं तिच्यात तिकिटं फाडली होती, धाकटा अजून डेपोच्या वर्कशॉपमध्ये तिचे ब्रेक खोलत होता, आणि कहर म्हणजे तिचे तुकडे करायचा नकाशा काढला होता तो थोरल्याच्याच मुलीनं. नियोजन विभागात चिकटून तिला फार दिवस झाले नव्हते. एवढ्यात तिनं घराण्यालाच हात घातला, असं धाकट्याचं म्हणणं.

तो आला तोच मुळी दारातून ओरडत. "कुठाय ती आमची कात्री?"

"आत आहे," थोरल्याची बायको, थोरली म्हणाली. "आणि आवाज खाली, भाऊजी. आई आंघोळीला गेल्यात, पण कान बाहेरच ठेवून गेल्यात."

थोरल्याची मुलगी, म्हणजे आईची नात, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. काकाचं चिडवणं तिला लहानपणापासून सवयीचं होतं, पण आज ते झोंबलं. नव्या मार्गाचा पहिला दिवस. सकाळपासून तिनं फोन पालथा घालून ठेवला होता, कारण त्यावर लोक काय काय लिहीत होते ते वाचून तिची भूक मेली होती.

"काका, आधी बस तरी."

"कशात बसू? अ मध्ये की ब मध्ये?"

थोरला वर्तमानपत्रामागून म्हणाला, "बस रे. आईचं ठरवायचंय. ती बाहेर यायच्या आत ठरवू."

आईचं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून आई एक आठवडा थोरल्याकडे टाकीवर आणि एक आठवडा धाकट्याकडे पुलापाशी राहायची. दर रविवारी हातातली छोटी बॅग घेऊन ती एकटी बसमध्ये चढायची. कुणी पोचवायला निघालं की म्हणायची, मी काय गावाला चाललेय? डोळे अधू झाले होते, बसची पाटी तिला वाचता येत नव्हती. पण टाकीवर एकच बस लागायची आणि पुलावरही एकच, म्हणून पाटीची गरजच पडत नव्हती. वाटेत चौकात उतरून ती मधलीच्या दुकानात तास-दोन तास बसायची, चहा घ्यायची आणि मागून येणारी बारा धरायची. मधली म्हणजे तिची मुलगी, दोन भावांमधली. चौकात तिचं शिवणकामाचं दुकान होतं.

"आता चौकात गाडी बदलायची," थोरला म्हणाला. "तिथं दहा बसा लागतात. पाटी दिसत नाही. उद्या विमानतळाच्या बसमध्ये जाऊन बसली तर शोधायचं कुठं? त्यापेक्षा ती आता इथंच राहील. कायमची."

"वा रे वा! इथंच का? तुझ्याकडे दोन जिने. माझ्याकडे लिफ्ट आहे."

"तुझी लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद."

"आणि तू उरलेल्या तीन दिवसांत कधी आलायस ती बघायला?"

"तुझी बायको रात्रपाळीला, तू सकाळी डेपोत. आईनं दिवसभर भिंतींशी बोलायचं?"

"भिंती निदान मध्येच पेपर वाचत नाहीत!"

भांडण रंगात आलं. आईला कोण टाळतंय म्हणून लोकांच्या घरात भांडणं होतात, इथं ती आपल्याकडे हवी म्हणून दोघं हमरीतुमरीवर आले होते. थोरलीला खरं तर याचं कौतुक वाटायला हवं होतं. पण आईला विचारावं असं दोघांच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

"मी पोचवत आणि आणत जाईन," ती म्हणाली. "दर रविवारी. मला काय, मोकळीच असते."

"मी काय पार्सल आहे?"

आई दारात उभी होती. केस ओले, हातात टॉवेल, बारीक चणीची. तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"चालू द्या. मी यायच्या आत ठरवायचं होतं ना? उशीर केलात."

"आई, तसं नाही गं..."

"तसंच आहे. एका घरात कायमची बसले की मी त्या घराची म्हातारी होणार. आत्ता दोन्हीकडे पाहुणी आहे. पाहुणीला ताजा चहा मिळतो."

नातीला राहवेना. ती पुढं झाली. "मला एक कळत नाही, अडचण काय आहे? आजी चौकात उतरतेच की. दर वेळेला. आत्याकडे जायला. मग बस तिथं तुटली तर तिला काय फरक पडणार? म्हणून तर मी चौक निवडला!"

थोरला पेपरची घडी घालू लागला. तिला वाटलं, यांना समजलं नाही. ती भराभर सांगू लागली. मार्ग तोडायचं वरूनच ठरलं होतं, ते तिच्या हातात नव्हतं. बारा नंबर इतकी लांब झाली होती की पुलाकडची गर्दी टाकीकडच्या बसा अडवून ठेवायची आणि लोक स्टॉपवर ताटकळायचे. कुठं तोडायचं यासाठी तीन जागा होत्या. साहेबांना हॉस्पिटल हवं होतं, आणखी कुणाला बाजार. तिनं एकटीनं बैठकीत चौकाची बाजू लावून धरली. आकडे दाखवले, भांडली. पण आकड्यांच्या मागं एकच गोष्ट होती, की आजी तिथं उतरते.

"आत्याच्या दुकानासमोरच थांबा घेतला. पाठ टेकायला बाक मागून घेतले. पायरी बसच्या बरोबरीनं केली. आणि ब गाडी उभी राहते ना, तो सगळा पट्टा पिवळा रंगवून घेतलाय, आजी. पाटी वाचायलाच नको. पिवळ्यात जी उभी, ती तुझी."

आईनं तिच्याकडे पाहिलं आणि मग बाहेर पाहिलं.

थोरलीनं गॅस बारीक केला. त्याची काही गरज नव्हती.

कारण थोरलीला माहीत होतं. या घरात ते तिला एकटीलाच माहीत होतं आणि दोन वर्षं तिनं ते कुणापाशी काढलं नव्हतं. आईच्या राखाडी कोटाचं अस्तर सुटलं होतं, खाली लोंबत होतं. पहिल्या रविवारी तिला वाटलं, आज मधलीकडे जातील, ती टाके घालील. दुसऱ्या खेपेला अस्तर तसंच. तिसऱ्या खेपेला आणखी लांब. शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या दुकानात तास-दोन तास बसून आलेली आई सुटल्या अस्तरानं परत येते, हे थोरलीला पटेना. त्यातच आई एकदा बिस्किटांचा पुडा घेऊन आली, "मधलीनं दिलाय" म्हणाली, आणि पुड्यावर पुलावरच्या टपरीचा शिक्का. थोरलीनं तो नखानं खरवडून काढला आणि बिस्किटं बशीत मांडली.

आई चौकात उतरतच नव्हती. ती सरळ जात होती आणि तो तास-दोन तासांचा वेळ कुठल्या तरी टपरीवर काढत होती.

"बघू तर तुझं ते पिवळं," आई एकदम म्हणाली. "आज माझा जायचा दिवस आहे. सगळेच चला."

तिनं बॅग घ्यायला आतल्या खोलीकडे पाय वळवले. थोरली तिच्या मागोमाग गेली आणि दार लोटून घेतलं.

"आई, मी सांगते यांना. गुडघे धरलेत म्हणते. आजचं राहू द्या."

आई बॅगेची चेन लावत होती. तिचा हात थांबला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"अस्तर सुटलं तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठं बोललात?"

आईनं सुनेकडे जरा वेळ पाहिलं. या सुनेला तिनं पहिली काही वर्षं अघळपघळ म्हणून नावं ठेवली होती. आता वाटलं, हिच्या पोटात एवढं राहतं तर आपण उगाच बोललो.

"गुडघे ठीक आहेत माझे," ती म्हणाली. "आज नाही गेले तर उद्यापासून हे दोघं मला जागचं हलू देणार नाहीत. आणि त्या पोरीचं तोंड बघितलंस ना? बैठकीत साहेबाशी भांडलीय माझ्यासाठी. तिला काय सांगू, की तुझी आजी थापा मारते?"

"मग चौकात काय करणार?"

"ते चौकात गेल्यावर बघू," आई म्हणाली. थोरलीनं ती बॅग तिच्याकडून काढून घेतली आणि आईनं ती घेऊ दिली, यावरूनच थोरलीला काय ते कळलं.

*

बारा अ मध्ये बसायला जागा मिळाली. रविवार होता. आई डावीकडे खिडकीशी बसली, तिच्या शेजारी नात, मागच्या बाकावर थोरला आणि थोरली. धाकटा उभाच राहिला, दांड्याला लोंबकळत. बसमध्ये बसणं त्याला जमत नसे. बसल्यावर इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणायचा.

"ही गाडी डावीकडे ओढतेय," तो म्हणाला.

"मग दुरुस्त कर. पगार कशाचा घेतोस?" थोरला म्हणाला.

पुढच्या बाकावर एक बाई शेजारणीला सांगत होती, की कुणा अतिशहाण्यानं मार्ग तोडलाय, आता दोनदा चढा आणि दोनदा उतरा. नात आजीकडे सरकली. धाकट्याला आयतीच संधी मिळाली.

"अहो ताई, तो अतिशहाणा पकडला पाहिजे," तो मोठ्यानं म्हणाला. "माझ्या माहितीत आहे. चांगल्या घरातला आहे म्हणतात, पण घरच्यांचं ऐकत नाही."

"काका!"

आई हसली. धाकट्याला बरं वाटलं. टाकीवर चढल्यापासून ती गप्प होती आणि गप्प बसलेल्या आईची त्याला लहानपणापासून भीती वाटत आलेली.

मग थोरल्याला चेव आला. तिकिटांची मशिनं आली आणि कंडक्टर गेले, त्याला नियंत्रण कक्षात खुर्ची दिली, तेव्हापासून बसमध्ये बोलायची त्याची हौस राहूनच गेली होती. तो पुतळ्यांचा इतिहास सांगावा तसा स्टॉपचा इतिहास सांगायला लागला. मुळात बारा नंबर होती फक्त टाकी ते साबण. साबणाच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी तीन गाड्या, त्यातली एक बाबांची. कारखान्याच्या आवारातच बाबा गाडी वळवायचे आणि घरी आले की त्यांच्या कपड्यांना साबणाचा वास यायचा.

"शेजारीण विचारायची, तुमचे हे कुठं आंघोळ करून येतात?" आई म्हणाली. "मी म्हणायचे, तुम्हाला काय करायचंय."

मग पूल झाला आणि बस पुलापर्यंत गेली. त्या वर्षी धाकटा झाला. मग दोन मजली गाड्या आल्या, झाडांच्या फांद्यांनी त्यांच्या काचा फोडल्या, आणि गाड्या परत गेल्या. मग बाजाराचा रस्ता खचला, म्हणून तात्पुरती बस चौकावरून वळवली. तात्पुरती म्हणजे काय, रस्ता दुरुस्त झाला तरी बस चौकातूनच जात राहिली, कारण तोवर चौकातल्या लोकांना तिची सवय लागली होती. मधलीला दुकान घ्यायचं होतं तेव्हा बाबाच म्हणाले, चौकात घे, दारावरून मी दिवसातून आठ वेळा जातो, तुझ्यावर लक्ष राहील. कारखाना कधीच बंद पडला, तिथं आता मोबाइलची मोठी दुकानं झालीत, पण स्टॉपला अजून सगळे साबणच म्हणतात.

"नव्या पाट्यांवर मी साबणच ठेवलंय," नात हळूच म्हणाली. "साहेब म्हणत होते बदला."

थोरल्यानं मागून तिच्या डोक्यावर टपली मारली. ती शाबासकी होती. सकाळपासून तो मुलीशी बोलला नव्हता.

धाकटा आईकडे बघत होता. चौक जवळ येत होता तशी तिची मान ताठ होत चालली होती. पर्सचा पट्टा तिनं बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. आणि मग त्याला ताईचे, म्हणजे मधलीचे, फोन आठवले. ताई दर आठवड्याला त्याला फोन करायची आणि आईचं विचारायची. तिनं औषध बदललं का, केस कापले का, कोट तोच घालते का अजून. त्यानं एकदा विचारलंही होतं, तुझ्याकडेच तर येते ना ती, मला काय विचारतेस? ताई म्हणाली होती, माझ्यासमोर ती खरं बोलत नाही. त्याला ते पटलं होतं. आता उभ्या उभ्या त्याला वाटलं, आपण किती मूर्ख आहोत.

कारण तो त्या दिवशी त्या खोलीत होता. बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, आई आणि ताईची जुंपली तेव्हा. त्याआधी बाबांच्या छातीत कफ भरला होता, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका म्हणून सांगितलेलं. आणि आई औषधाच्या दुकानात गेलेली असताना बाबा मधलीला म्हणाले, मला एकदा बारा नंबरमधून फिरवून आण. ती घेऊन गेली. टाकीपासून पुलापर्यंत आणि परत. तीन दिवसांनी बाबा गेले. ते तसेही जाणारच होते, डॉक्टर तसं म्हणालेही होते. पण आई मधलीला म्हणाली, "तू नेलंस म्हणून गेले." आणि मधली म्हणाली, "तुझ्यापाशी राहिले असते तर नुसते छत बघत गेले असते."

दोन वाक्यं. धाकट्यानं तेव्हा समजूत करून घेतली होती की दुःखात माणसं बोलतात आणि विसरतात. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तो खाली वाकून इंजिन ऐकतोय असं दाखवू लागला.

*

मधली रविवारी गिऱ्हाइकांसाठी दुकान उघडत नसे. आज उघडलं होतं.

गेले दोन महिने दुकानासमोर खणाखणी चालली होती. आधी फरशा आल्या, मग छप्पर, मग बाक. पिवळा रंग लावला त्या दिवशी तिनं रंगाऱ्याला विचारलं, हे काय होतंय? तो म्हणाला, बारा नंबर इथं तुटणार, सगळ्यांनी इथं उतरायचं. तिनं त्याला चहा पाजला आणि आत येऊन एका गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या लावल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आई बसमधून जाते हे तिला माहीत होतं. दर रविवारी, दुकानाच्या बाजूची खिडकी. पहिल्या वेळी योगायोग वाटला. मग तिनं मशीन आतून उचलून काचेपाशी आणलं, गिऱ्हाइकांना सांगितलं की उजेड चांगला मिळतो, आणि रविवारी कुलूप लावलेल्या दुकानात ती आतून मशीनवर बसू लागली. बस थांब्यावर थांबायची, लोक चढायचे, आणि तेवढ्यात दोघी एकमेकींना बघून घ्यायच्या. हात कुणी कधी हलवला नाही. आईला नीट दिसत नाही हे मधलीला माहीत होतं. तरी ती त्या दिवशी केस नीट विंचरून बसायची.

आई घरी आपल्याकडे येऊन गेल्याचं सांगते, हे तिला धाकट्याच्या बोलण्यातून कळलं होतं. तिनं ते खोटं पाडलं नाही. राग तर होताच, पण त्या खोट्यात आई दर रविवारी तिच्या दुकानात बसून चहा पीत होती, आणि ते पुसायला तिचा हात धजला नाही.

आज बस आली आणि थांबली. इंजिन बंद झालं. बारा नंबरचं इंजिन तिच्या दारात कधी बंद झालं नव्हतं. मधली उठून दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

*

सगळे उतरले आणि मग काय करायचं ते कुणाला सुचेना. थोरला बाकावर बसून पाठ टेकून बघू लागला. "बाक चांगलाय," तो म्हणाला. धाकटा बसच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि त्यात नसलेला बिघाड शोधू लागला. थोरली बॅग घेऊन उभी होती. नातीला मात्र आत्या दारात का थांबली, पुढं का येत नाही, हे कळेना. तिनं हात हलवला आणि आजीचा दंड धरला.

"ही बघ पिवळी जागा. आणि ती बघ ब लागलेलीच आहे. आपली अ आली की ब सुटते, मध्ये ताटकळायचं नाही. आज आत्याकडे नंतर जाऊ, आधी तू एकदा बदलून बघ ना. ये."

आईला पिवळा रंग दिसला. त्याच्या पलीकडे बस दिसली, तिचं उघडं दार दिसलं. पायरी खरंच बरोबरीनं होती, पाय उचलावाच लागला नसता. तिनं मनात म्हटलं, पोरीनं काम चोख केलंय. चढायचं, बसायचं, पुलावर उतरायचं. कुणाला काही सांगायला नको. दर रविवारी असंच. दुकानाकडे पाठ केली की झालं.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. तो तरुण मुलगा होता, पहिला दिवस म्हणून वेळ सांभाळत होता. "येताय ना, आजी?"

आईनं दुकानाकडे पाहिलं. दारात एक बाई उभी आहे एवढंच दिसत होतं, चेहरा दिसत नव्हता. चेहरा दिसायला आणखी दहा-पंधरा पावलं जावं लागणार होतं. काचेतून चार वर्षं जे बघितलं तेही असंच होतं, नुसता आकार. मुलगी म्हातारी झाली की जाड झाली की तशीच आहे, हे आईला माहीत नव्हतं. एवढंसं तिला माहीत नव्हतं, आणि त्याचं तिला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"तू जा बाळा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मी मागून येते."

"आजी, पुढची वीस मिनिटांनी आहे!" नात म्हणाली.

"असू दे."

बस गेली. आई रस्त्याच्या कडेनं दुकानाकडे चालू लागली. नात मागून निघाली तर थोरलीनं तिचा हात धरून तिला थांबवलं. "थांब जरा," ती म्हणाली. "तू तुझं केलंस. आता त्यांचं त्यांना करू दे."

मधली बाजूला झाली. आई आत आली. दुकानात कोऱ्या कापडाचा आणि तेल घातलेल्या मशीनचा वास होता. मधलीनं खुर्चीवरचे तुकडे उचलले आणि कुठं ठेवावे ते न सुचून हातातच धरले.

"बस."

आई बसली. जवळून मधलीच्या कपाळावर पांढरे केस दिसले. बाबांचेही तिथूनच पिकले होते.

"चहा ठेवू?"

"नको." मग थोड्या वेळानं, "ठेव."

मधली मागच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक छोटी शेगडी होती. भांडं पाण्याखाली धरल्यावर तिला कळलं की आपण रडतोय. तिनं नळ चालूच ठेवला. तिला वाटत होतं, आता आई त्या दिवसाबद्दल बोलेल. काय बोलेल याची तयारी ती चार वर्षं करत होती. उत्तरं पाठ होती.

"त्या दिवशी," आई म्हणाली, "ते कुठल्या बाकावर बसले होते?"

मधलीनं नळ बंद केला. या प्रश्नाचं उत्तर तिनं पाठ केलं नव्हतं. हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता.

"ड्रायव्हरच्या मागं. एकटा बाक असतो ना, तिथं."

"गार वारा लागला असेल."

"मी माझा स्वेटर घातला होता त्यांना. फुलाफुलांचा. घालायला तयार नव्हते."

मधली तिथंच उभी राहून सांगू लागली. "बोलले काहीच नाहीत गं. नुसतं बघत होते. पण प्रत्येक स्टॉप आला की उजवा पाय दाबायचे. खाली, फरशीवर. ब्रेक मारायचे. ड्रायव्हरला शेवटी हसू आलं. म्हणाला, काका, मी आहे ना. तर बाबा म्हणाले, तू उशिरा मारतोस."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. मधली घाबरून जवळ आली. आई हसत होती. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माझ्या पिंढरीवर मारायचे," ती म्हणाली. "झोपेत. लग्न झाल्यापासून. काळीनिळी व्हायची. मी म्हणायचे, अहो, स्टॉप नाही आलाय, झोपा."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"पोरांना काय सांगायचं असलं?" आईनं नाक ओढलं. तिनं हात पुढं केला, मधलीच्या हातातले कापडाचे तुकडे घेतले आणि मांडीवर ठेवले, म्हणजे तो हात मोकळा झाला. मग तिनं तो धरला. "जोरात दाबायचे का?"

"जोरात. साबणापाशी तर एवढ्या जोरात, की..."

"थांब," आई म्हणाली. "मधूनच नको. टाकीवर बसलात तिथून सांग. सगळे स्टॉप घेत."